शिक्षा भोगून झाल्यावर

ही पुस्तिका भांडणातून निघाली आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही, हे वाचकाला सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. रायपूरच्या समता कॉलनीत आम्ही काही मराठी मंडळी अधूनमधून एकाच्या घरी जमतो. गणेशोत्सव, नाटकं, कोजागिरी यांसाठी शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहेच, १९३५ पासूनचं. आमच्याकडे फक्त चहा, पोहे आणि वाद. गेले कित्येक महिने हा वाद एकाच ठिकाणी अडला आहे. लैंगिक गुन्ह्यात, त्यातही लहान मुलांविरुद्धच्या गुन्ह्यात, शिक्षा झालेला माणूस तुरुंगातून सुटला, तर त्याला इंटरनेट वापरू द्यायचं का? द्यायचं तर कितपत? आणि हे ठरवणार कोण: न्यायाधीश, ठाणेदार की फेसबुक?

“त्यात ठरवायचंय काय, वकीलसाहेब? मोबाईल काढून घ्या, विषय संपला,” असं आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यांना उत्तर देता देता हे लेख जमले. उत्तर त्यांना पटलं का, ते शेवटी येईल.

वरवर पाहता हा प्रश्न आपला नाहीच. शिक्षा भोगून आलेल्या लैंगिक गुन्हेगाराने इंटरनेटपासून दूर राहावं, असा कायदा भारतात नाही. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी पॉक्सो कायदा आहे, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात फाशीपर्यंतची शिक्षा आली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात मुलांच्या अश्लील चित्रणाविरुद्ध कलम ६७ ब आहे. पण हे सगळे कायदे तुरुंगाच्या दारापाशी थांबतात. दार उघडून माणूस बाहेर पडला की पुढे काय, याबद्दल कायद्याने फारसं काही म्हटलेलं नाही. कायदा गप्प असला की ती जागा इतर लोक भरून काढतात. बँकेचा अर्ज, ठाण्यातलं रजिस्टर, जामिनाच्या अटी, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, परदेशी कंपनीच्या अटी-शर्ती: बंधनं येतातच, फक्त ती कोणी घातली आणि कधी उठणार हे कुणाला सांगता येत नाही. हा विषय पुस्तिकेच्या लायकीचा वाटला तो एवढ्यासाठी.

आधी अमेरिका. याबाबतीत त्या देशाने सगळ्या चुका आपल्याआधी करून ठेवल्या आहेत, त्यामुळे शिकायला सोयीचा. नॉर्थ कॅरोलायना राज्याने २००८ मध्ये कायदा केला की नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगाराने, जिथे अल्पवयीन मुलांना खातं उघडता येतं अशा कुठल्याही सामाजिक संकेतस्थळावर जाणं हाच गुन्हा. मुलांशी बोलणं नव्हे, नुसतं जाणं. तिथल्या पॅकिंगहॅम नावाच्या माणसाला २००२ मध्ये, तो एकवीस वर्षांचा असताना, तेरा वर्षांच्या मुलीशी संबंध ठेवल्याबद्दल दोषी धरलं गेलं होतं. २०१० मध्ये त्याच्यावरचा वाहतुकीचा एक दंड रद्द झाला. गडी खूश झाला, फेसबुकवर टोपणनावाने देवाचे आभार मानले आणि दंड भरावा लागला नाही म्हणून आनंद व्यक्त केला. डरहॅमच्या एका पोलिसाने ती पोस्ट पाहिली, वाहतूक न्यायालयाच्या कागदांशी ताडून पाहिली आणि टोपणनावामागचा माणूस शोधून काढला. त्याने कुठल्या मुलाशी संपर्क साधला, असा आरोपही नव्हता. तरी खटला झाला, दोषी ठरला. याच कायद्याखाली हजाराहून जास्त लोकांवर खटले झाले होते.

१९ जून २०१७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आठपैकी आठही न्यायाधीशांचं निकालावर एकमत होतं. न्या. अँथनी केनेडी यांचं म्हणणं असं की आज बातम्या, नोकरीच्या जाहिराती, राजकारण, गप्पा सगळं इथेच चालतं. इथून माणसाला पूर्ण हुसकावणं म्हणजे त्याला चावडीवर यायला बंदी करणं. न्या. सॅम्युअल अलिटो यांनी निकाल मान्य केला पण वेगळं मत लिहिलं. त्यांचा मुद्दा आमच्या शिक्षिकाबाईंच्या जवळचा आहे: इंटरनेटला बाग-रस्त्यांच्या पंक्तीला बसवू नका, कारण बागेत मुलाच्या आजूबाजूला आईबाप असतात आणि तिथे अनोळखी माणूस चेहरा लपवून येत नाही. मात्र मुलांशी संपर्क साधण्यावर नेमकी बंदी घालणारा कायदा राज्याला करता येईल, हे दोन्ही मतांत आहे. या निकालाबद्दल लिहिताना बरेच लोक हा भाग गाळतात.

याच केनेडींची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. २००२ च्या मॅक्यून खटल्यात त्यांनी लिहिलं होतं की लैंगिक गुन्हेगार पुन्हा गुन्हा करण्याचा धोका भीती वाटावी इतका मोठा आहे आणि उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत असल्याचा अंदाज आहे. २००३ च्या दुसऱ्या खटल्यात ‘भीतिदायक’ हे विधान पुन्हा आलं. मग खालच्या न्यायालयांनी ते उचललं, विधिमंडळांनी उचललं, आणि नोंदवह्या वाढत गेल्या. आयरा आणि तारा एलमन यांनी २०१५ मध्ये त्या आकड्याचा माग काढला. सरकारी वकिलांचा युक्तिवाद, त्यामागे न्याय खात्याचं १९८८ चं एक मार्गदर्शक, आणि त्या मार्गदर्शकामागे १९८६ साली एका लोकप्रिय मानसशास्त्रीय मासिकात आलेला लेख. लेखक तुरुंगात उपचार-कार्यक्रम चालवणारा समुपदेशक. आकड्याला आधार कुठलाच नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वाचलेला पुरावा म्हणजे शेवटी मासिकातलं एक वाक्य! कॅनडातल्या हॅन्सन आणि बुसिएर यांनी १९९८ मध्ये एकसष्ट अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेल्यांचं प्रमाण १३.४ टक्के निघालं. हा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. तो पकडल्या गेलेल्यांचा आहे, आणि अशा गुन्ह्यांत तक्रारच कमी होते. पण ऐंशी आणि तेरा यांत जे अंतर आहे, तेवढ्या अंतरावर वेगळा कायदा बसतो.

इंग्लंडचं थोडक्यात. तिथे दोषी माणसावर न्यायालय प्रतिबंधक आदेश काढतं, माणूस पाहून, त्याचा गुन्हा पाहून. २०११ मध्ये स्मिथ नावाच्या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट सरसकट बंद करणं चालणार नाही. त्यापेक्षा त्याने पाहिल्याचा इतिहास पुसू नये आणि मागितल्यावर पोलिसांना उपकरण दाखवावं, अशी अट घाला. मला हा निकाल अमेरिकेच्या निकालापेक्षा उपयोगाचा वाटतो. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि काम जास्त आहे.

आता घरी येऊ. २० सप्टेंबर २०१८ ला केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ती राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग सांभाळतो. सुरू झाली तेव्हाच तिच्यात ४ लाख ४० हजारांहून जास्त नोंदी होत्या: नाव, पत्ता, छायाचित्र, बोटांचे ठसे. अमेरिकेत अशी यादी कुणालाही घरबसल्या पाहता येते. आपली फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते. त्यावर अनेकांनी नाक मुरडलं होतं. लोकांना दिसत नसेल तर उपयोग काय?

उपयोग काय, याचं उत्तर त्याच वर्षी धुळे जिल्ह्याने दिलं होतं. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज व्हॉट्सॲपवर काही दिवस फिरत होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी गावात आले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाच जण गेले. त्यांचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं. राईनपाडा झाल्यावर तीन महिन्यांच्या आत नोंदवही आली. ती उघडी असती, मोहल्लावार, फोटोसकट, तर पुढचा आठवडे बाजार कुठे भरला असता ते सांगायला नको. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा गुन्हेगारांवर आली नव्हती, आपल्या सगळ्यांवर आली होती, आणि आपण ती निमूट स्वीकारली.

डवरी गोसावींचा उल्लेख सहज आलेला नाही. माणसाला यादीत घालून त्याच्यावर नजर ठेवण्याचा आपला इतिहास इंटरनेटहून जुना आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यात आला. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची नावं रजिस्टरला लागली. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि रजिस्टर चालू राहिलं. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन ज्यांनी वाचलं आहे त्यांना याचा अर्थ मी सांगायची गरज नाही. तिथे अपराध जन्माचा होता आणि इथे केलेल्या कृत्याचा, हा फरक मोठा आहे. तो मला मान्य आहे. पण नाव एकदा चढलं की उतरवायची तरतूद नसणं, हे दोन्हीकडे सारखंच.

आमच्या छत्तीसगडात याला सरळ शब्द आहे: निगरानी बदमाश. ठाण्यात त्याची वेगळी फाईल असते. सणाच्या आधी, निवडणुकीच्या आधी हवालदार घरी जाऊन पाहून येतो, नाहीतर त्याला ठाण्यात बोलावून तंबी देतात. फार झालं तर जिला बदर, म्हणजे आपली तडीपारी. हे नियम जुन्या मध्य प्रदेशचे. याच नियमांवर, क्रमांक ८५५ आणि ८५६ वर, सर्वोच्च न्यायालयात १९७५ मध्ये गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश शासन हा खटला चालला. त्याआधी १९६२ मध्ये खडकसिंग खटल्यात उत्तर प्रदेशातल्या पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या होत्या. गोविंद प्रकरणात न्या. मॅथ्यू यांनी नियम टिकवले, पण गुन्हेगारी हाच ज्याचा जीवनक्रम झाला आहे अशांपुरतेच ते वापरावेत असं बजावलं, आणि जाता जाता खासगीपणाच्या हक्काची दखलही घेतली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी तो हक्क पक्का केला, त्याची एक वाट आमच्या जुन्या ठाण्यांतून जाते. रायपूरकराला याचा थोडा अभिमान वाटायला हरकत नाही.

सुटल्यानंतरचं बंधन आपल्या कायद्यात अगदीच नाही असंही नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५६ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९४ झालं. गंभीर गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर शिक्षा सुनावतानाच न्यायालय असा आदेश देऊ शकतं की सुटल्यावर त्याने आपला पत्ता आणि पत्त्यातला बदल कळवत राहावा. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. दोषसिद्धी अपिलात रद्द झाली की आदेशही जातो. वकिलीच्या इतक्या वर्षांत मी हे कलम वापरलेलं पाहिलं नाही, पण त्याचा साचा पाहा: गुन्हा पुन्हा झालेला हवा, आदेश न्यायाधीशाचा हवा, मुदत ठरलेली हवी, दाद मागायला जागा हवी. आज कुणी मोबाईलबद्दल कायदा लिहायला बसलं, तर नॉर्थ कॅरोलायनाकडे बघण्याआधी त्याने हे कलम वाचावं.

उलट टोक पाहायचं तर लांब जायला नको. छत्तीसगड सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश काढला की महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांत, पॉक्सोसकट, जे आरोपी आहेत त्यांना खटल्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत सरकारी नोकरी नाही. दोषी नव्हे, आरोपी. हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. पण आपल्याकडे अंतिम निकाल म्हणजे काय प्रकरण असतं ते न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही विचारा. आणि ऑगस्ट २०२४ चं बदलापूर आठवा. शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराने लोक रुळांवर उतरले. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला. खटला उभा राहिलाच नाही. आरोपी आणि दोषी यांतली रेघ इतकी पुसट झालेल्या हवेत आपण दोषी माणसाच्या हक्कांबद्दल बोलायला बसलो आहोत, याचं भान ठेवूनच पुढे वाचावं.

नोंदवहीत नावं कुणाची असू शकतात, हेही पाहायला हवं. पॉक्सोत अठरा वर्षांखालची संमती ही संमतीच नाही. एन्फोल्ड या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या २०१६ ते २०२० मधल्या ७,०६४ निकालांचा अभ्यास केला. त्यांतली १,७१५ प्रकरणं, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, प्रेमसंबंधांची होती: पळून गेलेली मुलगी, चिडलेला बाप, विशीतला मुलगा. यांतले बहुतेक सुटतात. पण ज्याला शिक्षा होते त्याचं नाव आणि खाऊचं आमिष दाखवणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचं नाव एकाच यादीत, एकाच मथळ्याखाली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका दोषी माणसाला, मुलगी त्याच्याशीच संसार करत असल्याने, शिक्षा न देण्याचा निर्णय घेतला. असा माणूस आपल्या बायकोला व्हिडिओ कॉल करू शकत नाही, असा नियम कुणाला हवा आहे?

एवढं वाचून कुणाला वाटेल की प्रस्तावना गुन्हेगाराच्या बाजूने झुकली. म्हणून दुसरी बाजू नीट मांडतो, कारण ती खरी आहे. मुलाला जाळ्यात ओढणारा माणूस इंटरनेटवर काय करतो ते बारकाईने पाहा. तो खेळाच्या चॅटमध्ये येतो, बारा वर्षांच्या मुलाला आपण तेरा वर्षांचे आहोत असं सांगतो. खेळातली नाणी भेट देतो. मग म्हणतो, इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू. तिथे आधी आईवडिलांची चहाडी ऐकून घेतो, तूच शहाणा म्हणतो. एक साधा फोटो मागतो, मग दुसरा, थोडा कमी साधा. तिसऱ्यानंतर मागणं संपतं आणि धमकी सुरू होते: पाठव, नाहीतर हे तुझ्या वर्गातल्या ग्रुपवर टाकतो. मुलाच्या हातात फोन, दार बंद, आई शेजारच्या खोलीत भाजी चिरते आहे. ज्याने हे एकदा केलं आणि त्यासाठी तुरुंगात गेला, त्याला सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी नव्या सिमवर नवं खातं उघडून त्याच खेळात जाता यावं, याला मी नागरी स्वातंत्र्य म्हणायला तयार नाही.

आणि पीडित मुलाचं स्वातंत्र्य? गुन्हेगाराची शिक्षा संपते, चित्रफितीची संपत नाही. ती फिरत राहते. २०१९ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राशी करार केला. तेव्हापासून भारतातून अशी चित्रं चढवल्याची सूचना तिथून येते आणि राज्यांच्या पोलिसांकडे जाते. केरळचं ‘ऑपरेशन पी-हंट’, महाराष्ट्राचं ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’, सीबीआयचं २०२२ चं ‘मेघ चक्र’ या याच पठडीतल्या मोहिमा. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि अशी सामग्री नुसती बघणं, जवळ ठेवणं हेही कायद्याच्या कक्षेत आणलं. न्यायालयाचा रोख बरोबर होता: प्रत्येक वेळी कुणी ती फीत उघडतं तेव्हा त्या मुलावर पुन्हा अत्याचार होतो.

मग बंदी का नको? कारण मोबाईल काढून घेणं म्हणजे आज नेमकं काय काढून घेणं, ते एकदा मोजून पाहावं. सुटलेल्या माणसाला रायपुरात आल्यावर आधी आधार अद्ययावत करायचं असतं, त्याला ओटीपी लागतो. बँक खातं, ओटीपी. राशनकार्डाचं केवायसी. विजेचं बिल ‘मोर बिजली’ ॲपवर. मजुरीचे पैसे यूपीआयवर. ठेकेदार रोख द्यायला आताशा कुरकुरतो. रोजगार हमीची हजेरी ॲपवर. आपल्याच अपिलाची तारीख ई-कोर्टवर. पहिलं काम मिळवायला दुचाकी आणि फोन, म्हणजे घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीचं ॲप. हे सगळं बंद केल्यावर उरतो तो भावाचा मोबाईल. घरात तो पडलेलाच असतो आणि त्यावर बंदी नसते. म्हणजे ज्याला सरळ जगायचं आहे त्याची वाट बंद, आणि ज्याला नाही त्याची उघडी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात इंटरनेटवरून बोलणं आणि व्यवसाय करणं यांना घटनेचं संरक्षण आहे असं म्हटलं. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातून काढलेल्या मुलीच्या खटल्यात इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. दोन्ही निकाल निरपराध लोकांबद्दलचे आहेत, हे मी विसरत नाही. पण शिक्षा झाली म्हणून मूलभूत हक्क दारात काढून ठेवायचे नसतात, हे १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यापासून ठरलेलं आहे.

त्याहून जुना दाखला मराठी आहे आणि मला तो फार आवडतो. आणीबाणीच्या काळात, म्हणजे चीन युद्धानंतरच्या, भारत संरक्षण नियमांखाली प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे बसून त्यांनी अणूच्या अंतरंगाबद्दल मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित बाहेर छापायला पाठवायची परवानगी मागितली. महाराष्ट्र सरकारने नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला चूक ठरवलं, सरकार दिल्लीला गेलं, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक छापायला बंदी लिहिलेली नाही, म्हणून ती घालता येणार नाही. संझगिरी गुन्हेगार नव्हते, विषय वेगळा होता. पण सूत्र इथेही लागू पडतं: जी अट लिहून ठेवलेली नाही, ती अधिकाऱ्याला वाटलं म्हणून उगवत नाही.

म्हणून माझं मत असं, आणि ते फक्त माझं आहे, पुस्तिकेचं नाही. बंधन हवं, पण गुन्हा जिथून झाला तिथे. ज्याने इंटरनेटवरून मूल गाठलं त्याला मुलांशी संपर्क, टोपणनावाची खाती, मुलं खेळतात ते खेळ बंद. ज्याने शेजारच्या मुलीवर घरात शिरून अत्याचार केला, त्याचा फोन काढून घेण्यात काय साधतं ते मला कळत नाही. त्याला त्या गल्लीपासून दूर ठेवा. आदेश न्यायाधीशाचा, शिक्षेच्या वेळी, कारणांसह. मुदत बांधलेली. दर काही काळाने फेरविचार. उपकरण तपासायचं तर कोण तपासणार आणि काय पाहणार हे लिहिलेलं, कारण ‘पूर्ण फोन दाखव’ याचा अर्थ ठाण्यात काय होतो ते आम्हाला माहीत आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुगल नकाशावर आपली जागा सतत दाखवत राहण्याची जामिनाची अट काढून टाकली, ती आरोपी परदेशी आणि गुन्हा अमली पदार्थांचा असूनही. २०२२ मध्ये एका पत्रकाराला ट्वीट करू देऊ नका ही उत्तर प्रदेशची मागणीही त्याच न्यायालयाने फेटाळली होती. याउलट मार्च २०२१ मध्ये, मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला पीडितेकडून राखी बांधून घ्यायला सांगणारी अट रद्द करताना, आरोपीचा पीडितेशी कुठलाही संपर्क येता कामा नये असं न्यायालयाने आग्रहाने म्हटलं. अट कशी असावी आणि कशी नसावी, याचा अख्खा धडा या तीन निकालांत आहे.

फेसबुकचं काय, हा प्रश्न राहतोच. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने आमची सेवा वापरू नये, असं त्या कंपनीच्या अटींत कधीपासूनच लिहिलेलं आहे. आपण सगळ्यांनी न वाचता त्यावर टिचकी मारली आहे. तिथे ना न्यायाधीश, ना मुदत, ना अपील. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने राज्याला जे करू दिलं नाही, ते खासगी कंपनी एका ओळीत करते. या पुस्तिकेत या मुद्द्यावर एक लेख आहे. तो मला अपुरा वाटला, पण यापेक्षा पुरा लेख आमच्यापैकी कुणाला लिहिता आला नाही.

शेवटी एक अवघड गोष्ट. गुन्हे नोंदणी विभागाचे दरवर्षीचे अहवाल सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, शिक्षक, घरी येणारा मित्र. त्याचं नाव कुठल्याही नोंदवहीत नसतं, कारण त्याने हे पहिल्यांदाच केलेलं असतं किंवा पहिल्यांदाच कुणी तक्रार केलेली असते. सुटलेल्या कैद्यांच्या मोबाईलवर सगळा जोर लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांनाच समाजमाध्यमांवरून उतरवलं. गुन्हेगाराला ओळखता येत नाही, तेव्हा मुलालाच घरात ठेवा, हा जुना उपाय नव्या रूपात आला. आमच्या बैठकीतल्या आयांपैकी बऱ्याच जणी याच्या बाजूने होत्या. मुलांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. म्हणून एक लेख समता कॉलनीतल्या नववीतल्या मुलीकडून लिहून घेतला आहे. तिचं नाव छापलेलं नाही.

शिक्षिकाबाईंना यातलं फार थोडं पटलं. “न्यायाधीश, मुदत, फेरविचार हे सगळं तुमच्या कागदावर छान दिसतं, वकीलसाहेब. माझ्या वर्गातल्या मुलीने मला तीन वर्षांनी सांगितलं होतं. तीन वर्षं. तुमच्या मुदतीत ती कुठे बसते?” असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्यांचा लेख सरसकट बंदीच्या बाजूने आहे, तर्क काही ठिकाणी सैल आहे, आणि संपादक म्हणून मी त्यातला एकही शब्द बदललेला नाही. पुस्तिकेत तो पहिला आहे.